ओंजळीने दिलेला झरा

सह्याद्रीचा घाट उतरून जंगल विरळ होऊ लागतं, तिथं बोरमाळ नावाचं गाव आहे. त्या गावाच्या वेशीवर, एका जुन्या जांभळीखाली, ओंजळ महाराजांचा मुक्काम होता. महाराज कुठून आले, त्यांचं मूळ नाव काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी धीर करून विचारलंच, तर महाराज उलट त्यालाच विचारीत, "जेवलास का?" आणि नाही म्हणणाऱ्याला आधी भाकरी मिळे. गवताने शाकारलेलं एक खोपट, आत महादेवाची ओबडधोबड पिंड, एवढाच काय तो त्यांचा मठ.

ओंजळ महाराज हे नाव मात्र लोकांनी दिलेलं. भाविक मंडळी पिंडीपुढे जे काही ठेवीत, त्याला महाराज एरवी बोटही लावीत नसत. पण डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरचं माणूस येऊन म्हणालं, "बाबा, पाण्याला पायजे," किंवा "परसात चार वेल लावायचे हायेत," की महाराज लगबगीने उठत. पिंडीपुढच्या राशीतून दोन्ही हातांनी ओंजळ भरून घेत, त्या माणसापुढे कमरेत वाकत आणि आपली ओंजळ त्याच्या ओंजळीत रिकामी करीत. मोजदाद नाही, पावती नाही. तेवढ्यावर कुणी पोहरा आणि दोर घेतला, कुणी झऱ्याला दगडी कुंडी बांधली, कुणी शेवग्याची न् पपईची रोपं आणून लावली. महाराजांची अट एकच असे. "तुझं हिरवं झालं की बियाणं शेजारच्या पाड्याला द्यायचं. मला काही आणू नकोस."

आता मठाचा कारभार पाहत असत हैबतराव. बोरमाळचे बडे असामी, अंगात मलमलीचा सदरा, डोक्यावर जरीची पगडी. माणूस वाईट नव्हता हो! महादेवावर त्यांची भक्ती होती. म्हाताऱ्या आईने शेवटच्या आजारात त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की पिंडीवर दगडी देऊळ होईल आणि त्यावर तांब्याचा कळस चढेल. तो शब्द हैबतरावांच्या उराशी होता. त्यामुळे पिंडीपुढची रास वाढताना पाहिली की त्यांना बरं वाटे, आणि ती ओंजळीओंजळीने डोंगर चढून गेली की त्यांचा जीव तीळतीळ तुटे. स्वतः दान देताना ते चिमटीत धरून वरून टाकीत. वाकणं त्यांच्या पाठीला ठाऊकच नव्हतं.

एकदा माघ महिन्यात करंजटोक पाड्यावरून जिवली भोये नावाची कोकणा जमातीची एक बाई मठात आली. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पाय धुळीने भरलेले. पिंडीपुढे तिने मूठभर नागली ठेवली आणि महाराजांपुढे उकिडवी बसली.

"बाबा, तू सगळ्यांना देतोस. आमच्या करंजटोकला पान्यासाठी दे."

महाराजांना 'तू' म्हटलेलं ऐकून हैबतरावांच्या कपाळावर आठी चढली. महाराज मात्र लेकीशी बोलावं तसं बोलले, "काय झालं गं पाण्याला?"

जिवलीने सांगितलं ते असं. पाड्याच्या वरच्या अंगाला एक झरा होता. जुनी माणसं त्याला मायझरा म्हणत. पण दरड कोसळून तो गाळाखाली गेला होता, वर्षानुवर्षं नुसता ओलावा दिसे. सगळ्या बायांना पाण्यासाठी उभा कडा उतरून नदीच्या डोहावर जावं लागे. लग्नानंतर जिवली पहिल्यांदा पोटुशी असताना भरला हंडा घेऊन त्याच वाटेवर घसरली होती. हंडाही गेला, पोटातलं मूलही गेलं. आता तिची सून मंजी पोटुशी होती.

"मी जिती हाय तवर तिला हंडा नाय उचलू देनार," जिवली म्हणाली. "पन माझेपन गुडघे नाय ऱ्हायले, बाबा. झरा मोकळा झाला तर दाराशी पानी येल. दोन पहारी, दोन कुदळी पायजेत. आन् मंजीसाठी परसात भाजीपाला लावीन मी. दुधी लावीन."

हैबतरावांना राहवलं नाही. मंडळी बसली होती, त्यांच्याकडे पाहत ते मोठ्याने हसले. "ऐकलंत? महादेवाच्या डोक्यावर गवत, आणि त्याच्या पैशावर यांच्या दारी दुधी! उद्या देवळाला भोपळ्याचाच कळस चढवा म्हणजे झालं!"

मंडळीही हसली. जिवलीने मान खाली घातली. तिला त्या हसण्याचं एवढं काही वाटलं नाही, पण आता बाबा नाही म्हणतील की काय, एवढीच भीती तिला वाटली.

महाराज मात्र खुशीत म्हणाले, "चढवूया की, हैबतराव! तुम्हीच चढवा." आणि उठून त्यांनी ओंजळ भरली. जिवलीपुढे ते इतके वाकले की त्यांची पांढरी दाढी तिच्या मनगटाला लागली. जिवलीच्या दोन्ही हातांत ती ऊबदार नाणी पडली, आणि तिला रडूच आलं.

पाड्यावर पोचली तेव्हा सगळे भगताच्या अंगणात जमले. शिडू भगत म्हणजे पाड्याचा वडीलधारा, देवाधर्माचं सगळं त्याच्या शब्दावर चाले. जिवलीने नाणी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाजाराला कोन जातो? पहारी आनायच्यात."

भगताने नाण्यांना हात लावला नाही.

"बाजार?" तो म्हणाला. "गो, नागलीचा पैला दाना आपुन खातो का? रानातली पैली भाजी खातो का? देवाला ठेवतो ना? हा तर देवाच्याच हातचा पैसा. तो बाजारात मोडायचा? पाप लागंल पाड्याला."

सगळ्यांना ते पटलं. जिवलीलाही अर्धंअधिक पटलं, हीच तर गंमत! पहारीवाचून खणायचं कसं, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता, पण महाराजांच्या तळव्यांची ऊब तिला अजून जाणवत होती. ती ऊब एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यात कशी टाकायची? शेवटी तिनेच आपल्या लुगड्याचा कोपरा फाडला, नाणी त्यात बांधली, आणि पाड्याने वाजतगाजत ते गाठोडं मायझऱ्याच्या तोंडाशी, एका खडकाच्या कपारीत बसवलं. भगताने शेंदूर लावला. महाराजांनी कुदळीसाठी दिलेलं दान असं देव होऊन बसलं.

पण देव बसवला म्हटल्यावर त्याच्याभोवती गाळ कसा ठेवायचा? दुसऱ्या सकाळी जिवली तिथं झाडायला गेली, ती झाडता झाडता हाताने माती उपसू लागली. तिला पाहून शेजारणी आल्या. मग पुरुष आले. पाड्यात जिवलीच्या सासऱ्याच्या काळातली एक बोथट पहार होती, ती आली. कुणी फावड्याऐवजी लाकडाची फळी घेतली, कुणी टोपल्या. देवाचं अंगण साफ होतंय म्हटल्यावर घरी कोण बसतो! शिमग्याच्या सुमारास कपारीखालच्या मुरमातून बोटाएवढी धार फुटली. बायांनी तिला हळदकुंकू वाहिलं, आणि जिवली तिथंच चिखलात बसून हसत रडली.

मग पुरुषांनी बांबू उभे चिरले, आतल्या गाठी काढल्या, आणि एकाला एक जोडून त्यांच्या पन्हळी झऱ्यापासून पाड्यापर्यंत आणल्या. पाणी जिवलीच्या दारात आलं. सांडपाण्यावर दारोदार परसबागा उठल्या. वाल, शिराळी, काकडी, आणि जिवलीच्या मांडवावर दुधी. चैत्रात सगळा डोंगर करपून तपकिरी झाला, तेव्हा एकटं करंजटोक हिरवंगार होतं. मंजी दारात बसून पाण्याखाली पाय धरायची. तिला सातवा लागला होता.

हे सगळं हैबतरावांच्या कानावर गेलं, तसा त्यांना संशय आला. बोरमाळच्या बाजारात करंजटोकच्या कुणी पहार घेतली नव्हती, कुदळ घेतली नव्हती. मग ओंजळ गेली कुठं? एका वैशाखी सकाळी ते स्वतः घाट चढून पाड्यावर आले. पाड्याने त्यांना घोंगडीवर बसवलं. जिवलीने पुढे पाण्याचा तांब्या ठेवला, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"पहारी कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाय घेतल्या," जिवली म्हणाली.

"कुदळी?"

"त्यापन नाय."

"मग देवाचा पैसा मोहाच्या दारूत गेला का?"

शिडू भगत दुखावला, पण त्याच्या तोंडावर अभिमानही होता. "चल, दाखवतो," म्हणाला, आणि त्याने कारभाऱ्यांना झऱ्यावर नेलं. कपारीतलं शेंदूर लावलेलं गाठोडं दाखवून तो म्हणाला, "एक पैसा हालला नाय. देवाचं देवाला ठेवलं आमी."

हैबतराव आधी गोंधळले, मग भडकले. "म्हणजे खर्चलंच नाही! गरज नव्हती तर मागितलं कशाला? एका विधवेने मंगळसूत्र मोडून त्या राशीत घातलंय, माहीत आहे? तिथं देवाला छप्पर नाही, आणि इथं नाणी शेंदूर लावून मांडून ठेवली आहेत!"

खरं सांगायचं तर हैबतरावांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. जिवलीला वाटलं, आपण तेव्हाच बोलायला हवं होतं. हैबतरावांनी पुढे होऊन दोन बोटांनी ते गाठोडं उचललं आणि कमरेच्या उपरण्यात खोचलं. "हे परत पिंडीपुढे जाईल. आणि ही ओंजळ-बिंजळ आता बंद. मी आजच महाराजांच्या गळी उतरवतो. कुठल्याच पाड्याला यापुढे काही मिळायचं नाही."

ते तरातरा निघाले. कोकणा पाड्याची रीत अशी, की आलेला पाहुणा, तो कसाही असो, एकट्याने घाट उतरू द्यायचा नाही. कुणीतरी पाण्याचा तुंबा घेऊन खालपर्यंत सोबत जायचं. आज कुणाचीच जायची मनःस्थिती नव्हती. जिवलीच उठली. आपण मागितलं, आपल्यामुळे सगळ्या पाड्यांचं बंद होणार, हा विचार तिला टोचत होता. पण रीत ती रीत. तुंबा घेऊन ती हैबतरावांच्या मागे चालू लागली.

"पानी घे, कारभारी," थोडं खाली आल्यावर ती म्हणाली. ऊन मी म्हणत होतं.

"नको," हैबतराव न वळता म्हणाले.

आणखी थोडं उतरल्यावर जिवलीला त्यांच्या धोतराचा सोगा ओला दिसला. घाम असेल, तिला वाटलं. मग वाटेवरच्या फुफाट्यात थेंबांचे ठिपके दिसू लागले. ठिपक्यांमागे रेघ झाली. मागे वळून पाहते तो काय, चार चिमण्या वाटेवर उतरून त्या ओलीत चोची बुडवत होत्या! जिवलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढा घाम कुणाला येतो?

"कारभारी, तुझ्या कमरेतून पानी गळतंय."

"ऊन लागलंय तुला," हैबतराव म्हणाले. पण त्यांचा हात कमरेकडे गेला आणि ओला होऊन परत आला. त्यांनी तो गुपचूप सदऱ्याला पुसला आणि पावलं झपझप टाकली.

तेवढ्यात वरून, कड्याच्या टोकावरून, कुकारी ऐकू आली. डोंगरातली माणसं एकमेकांना अशीच साद घालतात. बायकांचे आवाज होते, घाबरलेले.

"जिवलेऽऽ! झरा आटलाऽऽ! मायझरा आटलाऽऽ!"

जिवली जागच्या जागी खिळली. तिच्या डोळ्यांपुढे एकच दिसलं: मंजी, सात महिन्यांचं पोट, आणि डोक्यावर हंडा. वर पळावं की खाली? मग ओंजळ भरून वाकलेले महाराज तिला आठवले, आणि ती हैबतरावांच्याही पुढे धावत सुटली.

महाराज जांभळीखाली बसले होते, जणू वाटच पाहत होते. धापा टाकत आलेली जिवली त्यांच्या पायाशी कोसळली. मागून हैबतराव आले. त्यांचं धोतर पोटऱ्यांपर्यंत चिंब झालं होतं, आणि घाटापासून मठापर्यंत मागे ओली रेघ उमटली होती.

महाराज शांतपणे म्हणाले, "हैबतराव, पाण्याला कुठं घेऊन निघालात?"

हैबतरावांनी गाठोडं काढून उघडलं. लुगड्याच्या त्या जुन्या फडक्यात नितळ पाणी भरलं होतं, तळाशी नाणी दिसत होती, आणि कितीही सांडलं तरी पाणी तेवढंच राहत होतं. काय ही लीला! मंडळींनी हात जोडले. हैबतराव मटकन खाली बसले.

"महाराज, मी... मी देवासाठीच आणलं होतं हो. आईला शब्द दिला होता कळसाचा."

"ठाऊक आहे मला," महाराज हळुवारपणे म्हणाले. "आईचा शब्द पुरा होईल. पण महादेव उन्हापावसात बसायला सरावलेला आहे. त्या पोटुश्या पोरीला आणि तिच्या दुधीच्या वेलाला थांबता यायचं नाही. जिथून आणलंत तिथं नेऊन द्या."

मग ते जिवलीकडे वळले आणि डोळे वटारून म्हणाले, "आणि तू गं? मी कुदळीसाठी दिलं, आणि तुम्ही त्याला शेंदूर फासलात?"

"भगत बोलला, देवाच्या हातचं मोडू नये," जिवली पुटपुटली.

महाराज इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं वेडाबाई, देव काय ठेवायला देतो? पाऊस देतो तो ठेवतेस का कपारीत? वापरलंस म्हणजे पोचलं त्याला. जा आता दोघं."

हैबतरावांनी जोडे तिथंच काढले. ओलं गाठोडं छातीशी धरून ते अनवाणी घाट चढले. कुठं थांबले नाहीत. दिवस कलता कलता दोघं झऱ्यावर पोचली. सगळा पाडा तिथं गोळा झाला होता. पन्हळी कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या, आणि खाली दुधीच्या वेलांनी माना टाकल्या होत्या. मंजीने हंडा काढून ठेवला होता. सकाळी डोहावर जायची तिची तयारी झाली होती.

हैबतरावांनी गाठोडं कपारीत ठेवलं आणि मागे सरले.

काहीच झालं नाही.

सगळे मुरमाकडे बघत उभे होते. हैबतरावांनी गाठोडं थोडं सरकवून ठेवलं, मग आणखी आत ढकललं. मुरूम कोरडाच राहिला. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. "आणलं की मी परत," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "आता आणखी काय करू?"

जिवली त्यांच्याकडे पाहत होती. सकाळचा राग तिच्यात उरला नव्हता. पाय रक्ताळलेले, पगडी कलंडलेली, असा तो म्हातारा माणूस पाहून तिला कणव आली. "कारभारी," ती हळूच म्हणाली, "बाबानं ते ठेवलं नव्हतं. दिलं होतं. दोन्ही हातांनी."

हैबतरावांनी पगडी उतरून दगडावर ठेवली. गाठोडं सोडून नाणी दोन्ही हातांत घेतली, आणि ज्या पाठीला वाकणं ठाऊक नव्हतं ती पाठ वाकवून, जिवलीपुढे गुडघ्यांवर बसले.

"बाई, हे तुमचं आहे," ते म्हणाले. "माझं कधीच नव्हतं. घ्या."

जिवलीने आपली ओंजळ पुढे केली. नाणी तिच्या हातांत पडली, आणि शेवटचं नाणं पडतं न पडतं तोच कपारीखाली खळ्ळ असा आवाज झाला. मुरूम ओला झाला, गढूळ बुडबुडा आला, आणि मग धार! बोटाएवढी नव्हे, मनगटाएवढी धार उसळून पन्हळीत शिरली. महाराज की जय! पाडा नाचू लागला. शिडू भगत पन्हळीबरोबर खाली धावत सुटला, पाणी कुठवर पोचलं ते ओरडून सांगत.

जिवलीने नाणी पदरात बांधली, झऱ्याखाली ओंजळ धरली आणि ती हैबतरावांपुढे केली. "आता तरी पी, बाबा. सकाळपासून तू पानी नाय पिलास."

हैबतराव तिच्या ओंजळीतून पाणी प्याले.

पुढच्या बाजाराला भगत स्वतः गेला आणि पहारी, कुदळी, चुना घेऊन आला. झऱ्याला कुंडी बांधून झाल्यावर जे उरलं, ते पाड्याने शेजारच्या वाघ्याच्या पाड्याला ओंजळीने दिलं, सोबत वालाचं बियाणं. ज्येष्ठात मंजी सुखरूप बाळंत झाली. आणि जिवलीच्या मांडवावरचा पहिला दुधी, मडक्याएवढा, डोक्यावर घेऊन पाड्याची माणसं मठात आली. पहिलं फळ देवाला ठेवायची रीत त्यांनी काही सोडली नाही, आणि महाराजांनीही या वेळी ती मोडायला सांगितली नाही.

महाराजांनी दुधीकडे पाहिलं, मग हैबतरावांकडे. हैबतरावांनीच शिडी मागवली. पन्नास माणसांच्या देखत ते खोपटावर चढले, गवताच्या टोकाशी तो दुधी काथ्याने घट्ट बांधला आणि वरूनच हात जोडले. "आई, हा बघ कळस," ते म्हणाले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तांब्याचा कळस पुढे कधी चढला, ते सांगणारे वेगवेगळं सांगतात, पण हा पहिला, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

खाली उतरून हैबतराव महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तेव्हा महाराजांनी पाय मागे घेतले आणि गर्दीच्या कडेला तान्ह्या नातवाला कुशीत घेऊन उभ्या असलेल्या जिवलीकडे बोट केलं. हैबतराव तिकडे गेले आणि तिच्या धुळीने भरलेल्या पायांवर त्यांनी मस्तक ठेवलं.

"उठ रं बाबा, उठ," जिवली संकोचून मागे सरत म्हणाली. "पोर भुकेलंय माझं, घरला जाऊ दे."

दोन्ही हातांनी देणाऱ्या आणि देताना वाकणाऱ्या ओंजळ महाराज माउलीला आपला दंडवत असो. ज्यांच्या दारी पाणी आहे त्यांना देण्याची बुद्धी होवो, आणि ज्यांच्या दारी नाही त्यांच्या दारी ते येवो.